उशीचा अभ्रा आणि नऊ वर्षांपूर्वीची फाईल

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नावगाव काढून त्यातला कामापुरता भाग इथे देते.

"सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. वय ६८. हापूसची पन्नासेक कलमं आहेत, अजून फवारणीला स्वतः उभे राहतात. नऊ वर्षांपूर्वी मुंबईत त्यांची उजवी किडनी काढली, तिच्यात कॅन्सरची गाठ होती. 'सगळं निघालं, आता काळजी नाही' असं तेव्हा सांगितलं होतं. पाच वर्षं तपासण्या केल्या, मग आम्हीच सोडल्या. यंदा चैत्रात त्यांची खालची उजवी दाढ हलायला लागली. हनुवटी त्या बाजूला बधिर वाटते, दाढी करताना ब्लेड लागलेलं कळत नाही, असं म्हणायचे. ज्येष्ठात मीच त्यांना नेऊन दाढ काढून आणली. जखम भरलीच नाही. खड्ड्यातून लाल मांस वर आलं. डॉक्टरांनी ते कापलं, गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत पुन्हा आलं, आधीपेक्षा मोठं, करवंदाएवढं. ब्रश लागला की रक्त येतं आणि रात्री उशीवर डाग पडतात. सकाळी उठून आप्पा उशीचा अभ्रा स्वतःच उलटा करून ठेवतात, मला दिसू नये म्हणून. वाडीत म्हणतात, तंबाखूचंच हे. आप्पांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. नणंद म्हणते, तुकडा काढू देऊ नका, 'लोखंड लागला काय ता पसारता'. आमचे हे मुंबईला असतात. ते म्हणतात, गणपतीला येतोच आहे, गणपती झाले की बघू. दाढ मी काढायला लावली म्हणून हे झालं का? आणि कॅन्सर असलाच, तर आप्पांना सांगायचं का?"

ताई, आधी गणपतीचं. थांबू नका. श्रावण अर्धा सरलाय, म्हणजे गणपती पंधरा-वीस दिवसांवर. त्यात दीड दिवस की पाच की गौरीबरोबर, मग सत्यनारायण, मग चाकरमान्यांची परतीची तिकिटं. बघता बघता महिना जातो. जी गाठ तीन आठवड्यांत करवंदाएवढी झाली, तिला आणखी महिना देऊ नका. शिवाय या दिवसांत मुंबईहून खाली येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, पण वर जाणाऱ्या गाड्या बऱ्याच मोकळ्या असतात. कणकवलीहून रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडलीत तर सकाळी दादरला उतराल. यजमानांना म्हणावं, तुम्ही खाली येऊ नका, आम्हीच वर येतोय, स्टेशनवर या.

आता हे एवढं घाईने का सांगते, ते.

पत्र वाचून कुणी निदान करू नये, मीही करत नाही. दाढ काढलेल्या खड्ड्यातून लाल मांस येणं ही तशी रोजची गोष्ट आहे. आत हाडाची कपची राहिली, जंतू राहिले, तर जखमेत असं लुसलुशीत मांस वाढतं आणि नीट साफ केलं की बसतं. हिरडीवर रक्ताळ गाठ येणं हेही दातांच्या दवाखान्यात आठवड्याला एखादं तरी दिसतं, आणि बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. पण तुमच्या पत्रात चार गोष्टी एका ओळीत येऊन उभ्या राहिल्यात: किडनीचा कॅन्सर, विनाकारण हललेली दाढ, बधिर हनुवटी आणि कापूनही परत आलेली गाठ. यातली एकेक सुटी आली असती तर मी म्हटलं असतं, आठवडाभर बघा. चारही एकत्र आल्या की मनात पहिला प्रश्न हाच येतो, की हे तोंडाचं दुखणं आहे की किडनीचं, जे तोंडात येऊन बसलंय?

कॅन्सरने मूळ जागा सोडून हिरडीत किंवा जबड्यात येणं खरोखर दुर्मीळ आहे. तोंडात सापडणाऱ्या शंभर कॅन्सरमध्ये असा साधारण एखादा असतो. बाकी सगळे तोंडातच उगवलेले, आणि आपल्याकडे त्यांच्यामागे बहुतेक तंबाखू, मिश्री, गुटखा. त्यामुळे वाडीतले लोक जे म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही, फक्त आप्पांना ते लागू नाही. हा दुसरा प्रकार बाहेरून येतो: पुरुषांत जास्त करून फुप्फुसातून, मग किडनी, यकृत, प्रोस्टेट, बायकांत आधी स्तनातून, मग गर्भाशय-बीजकोशाकडून, किडनीतून, मोठ्या आतड्यातून. जबड्याच्या हाडात तो जास्त येतो, आणि तिथे त्याची आवडती जागा म्हणजे खालच्या जबड्याचा मागचा, दाढांचा भाग. मऊ मांसात आला तर निम्म्याहून जास्त वेळा हिरडीत. आणि दर चार-पाच जणांत एकाला तरी तोंडातली गाठ हीच पहिली खूण असते. मूळ कॅन्सर पोटात किंवा छातीत असल्याचा पत्ता तोवर कुणालाच नसतो.

हिरडीच का? १८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या बायकांच्या नोंदी तपासून एक गोष्ट मांडली होती. कॅन्सरच्या पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात, पण रुजतात ठरावीक ठिकाणीच. बी कुठलंही असो, माती मानवली पाहिजे. देवगडच्या माणसाला हे समजवायला नको. कातळात सुरुंग लावून खड्डा केला, त्यात माती भरली, तरी तिथलं कलम जे फळ देतं ते देशावरच्या काळ्या मातीत येत नाही. हिरडीचं तसंच आहे. दात असलेल्या तोंडात हिरडी कायम थोडी सुजलेली असते, तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं, आणि फिरत्या पेशी त्यात अडकतात. किडनीचा कॅन्सर तर मुळातच रक्तवाहिन्यांच्या वाटेने पळणारा. शिवाय पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे, त्यात झडपाच नाहीत; खोकताना, वाकताना पोटात दाब वाढला की रक्त त्यातून उलटंही वर चढू शकतं. बॅटसन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९४० मध्ये ते दाखवलं. या वाटेने गेलेल्या पेशी फुप्फुसाला टाळून थेट डोक्या-जबड्याकडे पोचू शकतात. म्हणून छातीचा एक्स-रे चांगला आला की सुटलो, असं समजू नका.

नऊ वर्षं मध्ये गेली म्हणून हा विषय संपला, असंही नाही. किडनीचा कॅन्सर याबाबतीत कुप्रसिद्ध आहे. तो दहा वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा परत आलेला आम्ही पाहिलाय. पाच वर्षांनी तपासण्या सोडल्यात, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. बरेच जण तेच करतात आणि बऱ्याच जणांना तसंच सांगितलेलंही असतं. फक्त आप्पांची ती जुनी फाईल माळ्यावरून काढा.

तुमच्या मनाला लागलेली गोष्ट दाढेची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते. दाढ काढल्याने हे झालं का? तुम्हीच लिहिलंय, की हनुवटी चैत्रात बधिर झाली होती आणि दाढ ज्येष्ठात काढली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना जी नस आणते, ती खालच्या जबड्याच्या हाडातून, दाढांच्या मुळांखालून एका नळीतून जाते. दाढ काढताना कधी ती दुखावते आणि ओठ बधिर होतो, नाही असं नाही. पण आप्पांची हनुवटी दाढ तोंडात असतानाच बधिर झाली. म्हणजे नसेवर जे दाबत होतं ते आधीच खाली होतं, आणि दाढ हलली तीही बहुधा त्यानेच. तुम्ही दाढ काढलीत, तेव्हा आत जे होतं त्याला वर यायला वाट मिळाली, एवढंच. तुम्ही नेलं नसतं तर ते आणखी दोन महिने हाडातच वाढत बसलं असतं आणि कुणाला दिसलंही नसतं. हनुवटी कारण नसताना बधिर होणं ही कॅन्सरच्या डॉक्टरांच्या दृष्टीने मोठी खूण आहे. डॉक्टरांशी बोलताना ब्लेडची गोष्ट आणि चैत्र महिना, दोन्ही आठवणीने सांगा.

तुमच्या दातांच्या डॉक्टरांनाही बोल लावायची मला घाई नाही. शुगर आहे का, बीपी आहे का, हे सगळेच विचारतात. पण दाढ दाखवायला गेलेला माणूस आपणहून किडनीचं सांगत नाही. त्याला वाटतं, दाताला आणि किडनीला काय? पत्रात तुम्ही सांगितल्याचं दिसत नाही, म्हणून म्हणते. एक काम मात्र उद्या सकाळी करा. फोन करून विचारा, की ते कापलेलं मांस तपासायला पाठवलं होतं का. पाठवलं असेल तर रिपोर्ट तिथे पडून असेल, तो घ्या. नसेल, तर वाद घालू नका, पुढे चला.

कारण टाकून देण्याची ती चूक मी स्वतः केलेली आहे. नवी नवी नोकरी होती. किनाऱ्यावरच्या एका गावातली मासळी विकणारी मुलगी आली, सत्तावीस वर्षांची, कडेवर चार महिन्यांचं बाळ. वरच्या पुढच्या हिरडीवर जांभळट लाल गाठ. गरोदरपणात हिरडीवर अशी गाठ येते, बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप जाते, हे पुस्तकात वाचलेलं ताजं होतं. कापली. तुकडा टिकवून ठेवणाऱ्या फॉर्मलिनची बाटली त्या दिवशी रिकामी होती, म्हणून तुकडा ट्रेमधून बादलीत गेला. पाच आठवड्यांनी ती परत आली. गाठ होती तशीच, आणि सोबत खोकला, दम लागत होता. या वेळी तुकडा पाठवला. वारेच्या पेशींपासून होणारा अतिदुर्मीळ कॅन्सर निघाला. या पेशी गरोदरपणातलाच हार्मोन सोडतात, म्हणून बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी, पाळी चुकलेली नसताना तिच्या लघवीची गरोदरपणाची साधी चाचणी स्पष्ट पॉझिटिव्ह आली. तीच चाचणी पहिल्याच दिवशी करता आली असती. नशीब तिचं, की हा कॅन्सर पसरलेला असला तरी औषधांना फार चांगली दाद देतो. ती बरी झाली. पण माझे पाच आठवडे त्या बादलीत गेले, आणि पुढची तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसताना ते मी विसरले नाही. तोंडातून कापलेला कुठलाही तुकडा, वाटाण्याएवढा असला तरी, बाटलीतच जायला हवा. वाचणाऱ्या प्रत्येकाने हे डॉक्टरांना तोंडावर विचारावं: "तपासायला पाठवताय ना?" त्यात उद्धटपणा काही नाही.

आता नणंदेच्या लोखंडाचं. मी ही समजूत रत्नागिरीत ऐकलीय, सातारला ऐकलीय, मुंबईतल्या सुशिक्षित घरात इंग्रजीतूनही ऐकलीय. ती आली कुठून हेही कळतं. माणसं फार उशिरा यायची, कुठे तरी शस्त्र लागायचं, महिन्या-दोन महिन्यांत माणूस जायचा आणि नाव शस्त्राचं व्हायचं. तोंडातल्या गाठीचा छोटा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. नणंदबाईंना हेही सांगा, की लोखंड एकदा लागून झालंय. मांस कापलंय, फक्त कशासाठी कापलं ते कुणालाच कळलेलं नाही. तुकडा न तपासता पुढे कुठलाही डॉक्टर औषध देऊ शकणार नाही, कारण फुप्फुसाच्या कॅन्सरला जे चालतं ते किडनीच्या कॅन्सरला चालत नाही.

मात्र तुकडा कुठे काढायचा, याबाबत मी तुमच्या नणंदेपेक्षाही सावध आहे. किडनीतून आलेली गाठ असेल तर ती रक्ताने भरलेली असते. यकृताची, थायरॉइडची तीच गत. तालुक्याच्या खुर्चीवर पुन्हा कापायला लावू नका. जिथे रक्त थांबवायची सोय आहे, भूल देणारे डॉक्टर आहेत, लागलं तर रक्ताची बाटली चढवता येते, अशाच ठिकाणी करा. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून हेच काम करतंय आणि कोकणातल्या माणसाला ते परकं नाही. तुमच्याकडचे बरेच जण गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात, तेही चालेल. चिपळूणच्या बाजूच्या वाचकांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडेल. आप्पांची मूळ शस्त्रक्रिया मुंबईतच झालीय आणि यजमान तिथे आहेत, तेव्हा तुमच्यासाठी मी मुंबईच म्हणेन.

सोबत काय न्यायचं ते नीट ऐका. नऊ वर्षांपूर्वीचा किडनीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट सगळ्यांत वर. तो सापडत नसेल तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथे जाऊन नक्कल मागा, आणि त्याबरोबर स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागा. काढलेल्या अवयवाचे तुकडे मेणात बसवून जपून ठेवलेले असतात, पण कायमचे ठेवत नाहीत. नऊ वर्षं झालीत, म्हणून आधी फोन करून चौकशी करा.

ब्लॉकचा एवढा आग्रह का, ते आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीतली गोष्ट म्हणून सांगते. किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी मायक्रोस्कोपखाली काचेसारख्या स्वच्छ, पोकळ दिसतात, जणू आत काहीच नाही. गंमत अशी, की तोंडातल्या लाळग्रंथींचेही काही कॅन्सर अगदी तसेच दिसतात. समोर फक्त 'हिरडीची गाठ' एवढंच लिहिलेला कागद असेल तर पॅथॉलॉजिस्ट लाळग्रंथीकडे जाऊ शकतो. 'याची किडनी कॅन्सरसाठी काढलीय' हे एक वाक्य कागदावर असलं, की तो त्या तुकड्यावर किडनीच्या पेशी ओळखणारे खास रंग चढवतो, जुना ब्लॉक शेजारी ठेवतो आणि निदान पक्कं होतं. तेव्हा तपासणीच्या फॉर्मवर ते वाक्य लिहिलंय की नाही, हे तुम्ही स्वतः वाचून बघा. लिहिलं नसेल तर लिहायला लावा.

निघायच्या आधी जवळच दोन साध्या रक्ततपासण्या उरकून घ्या: हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारी तपासणी. क्रिएटिनिन अशासाठी, की आप्पांना एकच किडनी आहे. पुढे सीटी स्कॅन होईल, त्यात शिरेतून औषध सोडतात, आणि ते किडनीवर भार टाकतं. स्कॅनच्या खोलीत जाण्याआधी 'एकच किडनी' हे शब्द त्यांनी मोठ्याने म्हणायचे. याच कारणासाठी दुखलं म्हणून डायक्लोफेनॅक, ब्रुफेन असल्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. पॅरासिटामॉल चालेल, तेही डॉक्टरांना विचारून, ठरल्या मात्रेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण पहिल्याच भेटीत सांगा. हाडं मजबूत करायचं इंजेक्शन मध्ये कधी दिलं होतं का, हेही आठवून ठेवा. कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांना ती देतात, आणि त्यांच्यामुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून कुजू शकतं. २००३ पासून डॉक्टरांना हे माहीत आहे, पण गावात अजून पोचलेलं नाही. ज्यांच्या घरात कॅन्सरचा रुग्ण आहे त्यांनी दात उपटण्याआधी ही चौकशी केलीच पाहिजे.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधार घ्या, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटा. कॅन्सरच्या उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, तिचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो, म्हणजे पहिल्या फेरीला नाही पण पुढच्या फेऱ्यांना उपयोगी. राहायची अडचण झाली तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठीच आहे. तुमचं घर मुंबईत आहे, तरी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांचं नसतं.

तोवर घरी. अचानक जोरात रक्त आलं तर आप्पांना आडवं करू नका. ताठ बसवा, डोकं किंचित पुढे. स्वच्छ कापडाची घट्ट वळी करून गाठीवर ठेवा आणि दातांनी दाबायला सांगा, वीस मिनिटं घड्याळ लावून, मध्ये उघडून बघायचं नाही. सारख्या चुळा भरल्या की जमलेलं रक्त सुटतं आणि पुन्हा धार लागते. रक्त गिळू नये, थुंकावं. वीस मिनिटांनी थांबलं नाही तर ग्रामीण रुग्णालयात न्या, रात्र असली तरी. तुरटीची पूड, हळद-चुना, कुणी दिलेली राख, यातलं काहीही त्यावर लावायचं नाही.

खायला उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, शिजवून कुस्करलेली भाजी. आंबोळी आवडत असेल तर नारळाच्या दुधात भिजवून. मासे सोडायला नकोत, ताजा बोंबील नुसता वाफवला तरी जिभेवर विरघळतो. फक्त काट्याचं आणि तळून कुरकुरीत केलेलं नको, तिरफळ-मिरची नको. सगळं कोमट. ब्रश मऊ, आणि त्या बाजूला नुसत्या कोमट मिठाच्या पाण्याची हलकी चूळ, खळखळून नाही.

एवढं सगळं करून निघेल काय? कदाचित साधी गाठ निघेल. मी पोटभर हसेन आणि तुम्ही मला शिव्या द्या. कदाचित तोंडातलाच कॅन्सर निघेल, आणि त्याचा उपचार वेगळा. किडनीचाच परत आलेला निघाला, तर मी गोड बोलून फसवणार नाही: तोंडात गाठ येते तेव्हा बहुतेकदा शरीरात आणखीही कुठे तरी रोग असतो, आणि जुन्या नोंदींत अशा रुग्णांचा काळ महिन्यांतच मोजलेला आहे. पण त्या नोंदींत आजच्या गोळ्या आणि प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं नव्हती. किडनीच्या कॅन्सरचं चित्र त्यांनी गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदललंय. आणि पहिल्या आजारानंतर खूप वर्षांनी, एकाच जागी परत आलेला रोग हा या कॅन्सरमध्ये त्यातल्या त्यात बरा धरतात. कधी तो काढूनही टाकतात. काढण्यासारखा नसला तरी किरणोपचाराच्या मोजक्या फेऱ्यांनी रक्त थांबतं, दुखणं उतरतं, माणूस नीट जेवतो. ज्याला रोज रात्री तोंडात रक्ताची चव येते, त्याला हेही थोडं नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, आप्पांना सांगायचं का. मला वाटतं तुम्ही तो उलटा विचारताय. जो माणूस पहाटे उठून अभ्रा उलटा करतो, त्याला काहीच माहीत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? त्याची एक किडनी कॅन्सरने नेलीय. आरशात तो गाठ रोज बघतोय. तुम्ही त्यांच्यापासून लपवताय, ते तुमच्यापासून लपवताहेत, आणि एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीभोवती चोरपावलांनी फिरताहेत. उद्या तुम्ही सांगायला बसाल आणि ते म्हणतील, "माका काय झाला ता माका ठावक आसा." मग?

म्हणून सांगू नका, विचारा. पडवीत ते निवांत बसलेले असतील तेव्हा जवळ बसा आणि म्हणा, "आप्पा, मुंबईला तपासायला जायचंय. किडनीचंच काही आहे का ते बघणार आहेत. डॉक्टर सांगतील ते तुम्ही ऐकणार, की आधी आम्ही ऐकू?" ते जे म्हणतील ते माना. सगळं ऐकायचं म्हणाले, तर खोलीत त्यांनाही बसवा, रिपोर्ट हातात द्या. नको म्हणाले, तर त्यांच्या पाठीमागे कुजबुजू नका, फक्त त्यांनी परत विचारलं की खोटं बोलू नका. कलमांचा हंगाम, जमिनीचे कागद, कुणाला काय द्यायचं, हे ठरवायला त्यांना वेळ मिळायला हवा, आणि तो वेळ तुमच्या भीतीपायी जाऊ नये. सासूबाईंचा पत्रात उल्लेख नाही. असतील तर त्यांना या बोलण्यातून वगळू नका. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, कौल घ्यायचा तर घ्या, पण तिकीट आधी काढा.

जाता जाता इतर वाचकांसाठी, कारण हे वाचून आता पंचवीस जण आरशासमोर हिरड्या उचकटून बसतील. सगळ्या हिरड्या सारख्या फुगल्या असतील तर आधी औषधांची चिठ्ठी बघा. बीपीची अम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटॉइन या गोळ्यांनी हिरड्या वाढतात, आणि डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. पण सगळ्या हिरड्या थोड्याच दिवसांत सुजल्या, फिक्या पडल्या, सोबत ताप, अंगावर निळे डाग, थकवा असेल, तर त्याच दिवशी रक्तगणना करा, कारण रक्ताच्या कॅन्सरचे काही प्रकार असे हिरडीतून दिसतात. एकाच जागी गाठ आहे, दोन-तीन आठवड्यांत जात नाही किंवा कापून परत येते, तर तुकडा तपासा. बाकीच्यांनी आरसा खाली ठेवायला हरकत नाही.

आणि ताई, अभ्र्याचं एक. रंगीत, गडद अभ्रे काढून ठेवा. आजपासून निघेपर्यंत आप्पांच्या उशीवर पांढरा घाला आणि त्यांना सांगा, की तो उलटा करायचा नाही. रात्रीत किती रक्त जातं, हे परळचे डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत विचारणार आहेत.